प्लेगची लस आणि लोकांचा विश्वास

श्रोतेहो, 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द एके काळी आपल्याकडे घरोघर धडकी भरवायला पुरेसे होते. माळ्यावर, कोठीच्या खोलीत, नाही तर चुलीमागे एखादा उंदीर मरून पडलेला दिसला, की जाणती माणसं घराला कुलूप घालीत, बायकामुलं आणि भांडीकुंडी घेऊन गावाबाहेरच्या माळावर जात आणि तिथं झोपड्या उभारून राहत. गाव मोकळं पडे. दोन-तीन महिन्यांनी साथ ओसरली म्हणजे माणसं परत येत. जी जात ती सगळीच परत येत असं मात्र नाही.

त्या रोगाचं नाव प्लेग. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. १८९६ साली तो मुंबईत शिरला आणि पुढच्या पंचवीसएक वर्षांत हिंदुस्थानात त्यानं एक कोटीहून अधिक माणसं नेली. आज आपल्याला त्याची भीती वाटत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्याला अडवणारी लस कुठं तयार झाली, ती लोकांनी कशी घेतली आणि कशी नाकारली, ही हकिकत विसरण्याजोगी नाही. तिचा मोठा भाग आपल्या मुंबईत, भायखळा आणि परळ या भागांत घडलेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात काही चमत्कारिक रोगी दिसू लागले. मांडवी म्हणजे गोदीजवळची वस्ती. धान्याची कोठारं, अरुंद गल्ल्या आणि दाटीवाटीच्या चाळी. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस हे तिथल्या रोग्यांना तपासत होते. एकाएकी भरणारा जोराचा ताप, ग्लानी, आणि जांघेत किंवा काखेत आलेली दुखरी गाठ ही लक्षणं पाहून त्यांनी उघडपणे सांगितलं, की हा प्लेग आहे. ते ऐकणं कोणालाच परवडणारं नव्हतं. मुंबई हे बंदर. प्लेगचं नाव निघालं की परदेशची बंदरं मुंबईच्या जहाजांना दारं लावणार हे व्यापाऱ्यांना आणि सरकारला पक्कं ठाऊक होतं. प्रथम शंका घेतल्या गेल्या. पण रोग कोणाच्या सोयीनं थांबत नसतो. मृत्यूंची संख्या वाढू लागली आणि लोक शहर सोडून निघाले. आठ लाखांवर वस्तीच्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत पावणेचार लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. गिरण्यांना कामगार मिळेनात, बाजार ओस पडले.

त्या वेळी शास्त्राला काय ठाऊक होतं? एक गोष्ट ठाऊक होती. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत येर्सिन आणि किटासाटो या दोन संशोधकांनी प्लेगचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. रोग जंतूमुळे होतो हे कळलं होतं. पण तो जंतू माणसापर्यंत पोचतो कसा, हे कळलेलं नव्हतं. कोणी म्हणे जमिनीतून, कोणी म्हणे धान्यातून, कोणी म्हणे घाणीतून आणि दूषित हवेतून. चोर आहे हे कळलं, पण तो कुठल्या वाटेनं येतो हे कळेना, अशातली ती स्थिती होती.

वाट ठाऊक नसल्यामुळे सरकारनं सगळ्याच वाटांवर पहारे बसवले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती घ्यायची, रोग्याला इस्पितळात न्यायचं, घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवायचं, कपडेलत्ते जाळायचे, गटारांत आणि भिंतींवर कार्बोलिक ॲसिडचं पाणी मारायचं, असा सपाटा सुरू झाला. रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंना उभं करून काखा-जांघा तपासल्या जाऊ लागल्या. यात बायकांनाही सूट नव्हती. ज्या समाजात परक्या पुरुषासमोर पदर सावरून उभं राहायचं, तिथं हा प्रकार काय वाटला असेल याची आपण कल्पना करू शकतो.

शिवाय इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. त्या काळी प्लेगवर औषध नव्हतं आणि रोगी पोचे तो अखेरच्या अवस्थेत. लोकांनी त्यातून आपला निष्कर्ष काढला, की माणसं रोगानं मरत नाहीत, इस्पितळात मारली जातात. १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यातच गिरणी कामगारांच्या सुमारे हजारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. घरोघर रोगी लपवले जाऊ लागले, मृत्यू लपवले जाऊ लागले. म्हणजे ज्या उपायांनी रोग उघडकीला यायचा, त्याच उपायांच्या धाकानं तो दडू लागला.

पुण्यात हे प्रकरण कुठल्या थराला गेलं ते सर्वश्रुत आहे. प्लेग समितीचे प्रमुख रँड यांनी घरांच्या झडतीसाठी गोरे सोल्जर आणले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. हे सारं आपण स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात वाचतो. तो आरोग्याच्याही इतिहासाचा भाग आहे, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, दुसरीही एक गोष्ट चालली होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी शहराबाहेर मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई रोग्यांना स्वतः तिथं आणीत, त्यांची शुश्रूषा करीत. त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला घराबाहेर काढून दवाखान्यात नेणं हेच सोल्जरही करीत होते आणि सावित्रीबाईही करीत होत्या. लोकांनी एकाला शिव्याशाप दिले आणि दुसरीपाशी आपलं माणूस सोपवलं. हा फरक आपण लक्षात ठेवू, कारण लसीच्या हकिकतीत तो पुन्हा आपल्यापुढं येणार आहे.

आता त्या लसीकडे वळू. १८९६ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून एक शास्त्रज्ञ मुंबईत आला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा शहरातला, ज्यू घराण्यातला. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करून त्यानं कॉलऱ्याची लस तयार केली होती आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. पुढं तो हिंदुस्थानात येऊन कॉलऱ्याची लस टोचत गावोगाव फिरला होता. कलकत्त्याच्या वस्त्यांत लोक जवळ येईनात, तेव्हा डॉक्टरांनी आधी लोकांदेखत स्वतःला टोचून घेतलं आणि मग माणसं पुढं आली, हा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. जागा म्हणजे एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यानं तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

ती कशी तयार केली हे सांगण्यासारखं आहे. लस करायची म्हणजे आधी रोगाचे जंतू भरपूर वाढवायचे आणि मग ते मारायचे. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही. पण तो शरीरात गेला की शरीर त्याची ओळख ठेवतं आणि त्याच्याशी लढण्याची तयारी करून ठेवतं. पुढं खरा जिवंत जंतू आला तर ही तयारी कामाला येते. हाफकिननं जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस वापरला. युरोपात त्यासाठी गाईचं मांस वापरीत. इथं ते वापरलं तर हिंदू लस घेणार नाहीत आणि डुकराचं वापरलं तर मुसलमान घेणार नाहीत, हे ओळखून त्यानं बकऱ्याचं मांस घेतलं. या रसावर तो तुपाचे थेंब तरंगत ठेवी. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे लोलक लोंबावेत तसे खाली लोंबत. मधून मधून बाटली हलवली की हे लोलक तुटून तळाला जात आणि वर नवे धरू लागत. सुमारे सहा आठवडे असं वाढवलं की रस चांगला गढूळ होई. मग बाटली उष्णता देऊन जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. झाली लस तयार. आपल्या घरातलं तूप असं एका मोठ्या शोधाच्या कामी आलं.

पण लस तयार झाली म्हणजे काम झालं असं नाही. ती माणसाला अपाय करीत नाही हे कोणी सांगायचं? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननं ती स्वतःलाच टोचून घेतली, आणि तीही पुढं लोकांना जेवढी देण्यात आली त्याच्या कितीतरी पट मात्रेनं. त्याला ताप भरला, टोचल्या जागी दुखलं, आणि थोड्या दिवसांनी तो बरा झाला. त्यानंतर कॉलेजातली मंडळी पुढं आली. जानेवारी संपण्याच्या सुमाराला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजी असलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली. ज्यांनी घेतली त्यांच्यातलं कोणी दगावलं नाही. ज्यांनी घेतली नाही, त्यांच्यातले काही मेले.

तुरुंगातल्या माणसाचा राजीपणा कितपत खरा मानायचा, असा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो रास्तच आहे. पण बाहेरच्या मोकळ्या माणसांचं काय? ते तर लस घ्यायला तयार नव्हते. जे सरकार घरात सोल्जर घुसवतं, त्याच सरकारची ही सुई. तिच्यात विष आहे, ती घेतली की वंश बुडतो, अशा नाना कंड्या शहरभर पिकल्या होत्या.

अशा वेळी खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान पुढं झाले. ते तेव्हा विशीसुद्धा न ओलांडलेले तरुण होते. त्यांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतः लस टोचून घेतली, आणि एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा. खोजा मंडळी हजारोंच्या संख्येनं पुढं आली. आगाखानांनी आपला एक बंगलाही प्रयोगशाळेसाठी हाफकिनला दिला. पुढं १८९९ च्या ऑगस्टमध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

लस खरोखर उपयोगी पडते का, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका खेड्यानं दिला. बडोद्याजवळ उंडेरा नावाचं गाव आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथं प्लेग चालू असताना हाफकिन आणि त्याचे सहकारी गेले. त्यांनी घरोघरची माणसं बाहेर बोलावली आणि प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. घर तेच, अन्न तेच, पाणी तेच, उंदीरही तेच. फरक एवढाच, की एका भावाला लस मिळाली आणि दुसऱ्याला नाही. सहा आठवड्यांनी हिशेब केला. ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत लस न घेतलेली माणसं ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मेली. लस घेतलेली ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली आणि ३ मेली.

श्रोतेहो, हे आकडे जरा सावकाश ऐकण्यासारखे आहेत. लस घेतल्यानं प्लेग होतच नाही असं ते सांगत नाहीत. आठ जणांना तो झालाच. पण होण्याचा संभव पुष्कळ कमी झाला, आणि झाला तरी वाचण्याची आशा राहिली. लसीबद्दल एवढंच खरं होतं आणि एवढंच सांगायला हवं होतं. याहून जास्त सांगितलं असतं, तर पहिल्याच मृत्यूबरोबर लोकांचा विश्वास उडाला असता. आणि त्या आकड्यांमागं उंडेऱ्याची लस न मिळालेली माणसं आहेत, हेही विसरता कामा नये. आपल्याला आज जे ज्ञान फुकट मिळालं आहे, त्याचं मोल त्यांनी मोजलेलं आहे.

इकडे रोगाच्या वाटेचाही शोध लागत होता. १८९८ च्या जून महिन्यात कराचीला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं एक साधा प्रयोग केला. एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेग झालेला उंदीर ठेवला, त्याच्या अंगावर पिसवा होत्या. वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर असा टांगला, की दोघांचा स्पर्श होऊ नये. खालचा उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही प्लेगनं मेला. मधली ये-जा पिसवांनी केली होती. सिमाँचं म्हणणं तेव्हा फारसं कोणी मानलं नाही. पुढं १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि इतर संशोधकांनी गिनीपिगांवर कसोशीनं प्रयोग केले. बारीक जाळीच्या आत, जिथं पिसू शिरू शकत नाही तिथं ठेवलेला प्राणी वाचे. उघड्या पिंजऱ्यातला मरे. तेव्हा कुठं शंका फिटली.

उंदीर मेला आणि त्याचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं गरम रक्त शोधतात. ते उंदराचं मिळालं नाही तर माणसाचं. म्हणजे 'उंदीर पडला, आता घर सोडा' हे लोकांचं शहाणपण अगदी बरोबर होतं. घर सोडणारा माणूस त्या उपाशी पिसवांपासून दूर जात होता. शास्त्राला कारण कळायला दहाएक वर्षं लागली, लोकांना उपाय आधीच सापडला होता. आणि भिंतींवर मारलेल्या कार्बोलिकनं उंदरांचं आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांचं फारसं काही बिघडत नव्हतं. सरकारनं झडती घेण्यापूर्वी लोकांना दोन प्रश्न विचारले असते, तर कदाचित हे लवकर उमगलं असतं.

मात्र या हकिकतीला एक दुःखाची बाजू आहे. ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. १९०२ साली पंजाबात मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचं काम निघालं. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल या गावी १०७ माणसांना लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. आठवड्याभरानं त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण मेले. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्या माणसांना काही झालं नाही.

सरकारी चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर, म्हणजे पर्यायानं हाफकिनवर आला. त्याला कामावरून दूर केलं गेलं आणि तो इंग्लंडला गेला. पुढं तपशील बाहेर आला तो असा. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. मलेरियाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूनं उभे राहिले. त्यांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, आणि अखेर त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरला. तो पुन्हा हिंदुस्थानात आला, परंतु मुंबईच्या आपल्या प्रयोगशाळेत नव्हे, कलकत्त्याला. उमेदीची पाच वर्षं वाया गेली होती ती गेलीच. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये तो वारला. त्यापूर्वी १९२५ साली परळच्या संस्थेला त्याचं नाव देण्यात आलं होतं.

हाफकिनवर अन्याय झाला हे खरं. पण माझ्या मनात नेहमी त्या एकोणीस घरांचा विचार येतो. त्यांनी तर विश्वास ठेवला होता. घाईच्या कामात एक चिमटा उकळायचा किंवा जाळावर धरायचा राहिला, आणि त्या विश्वासाचं असं झालं. लोकांनी लस घ्यावी असं आपण म्हणतो, तेव्हा देणाऱ्यानं चिमटासुद्धा नीट धरला पाहिजे ही त्यातली दुसरी बाजू आहे.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १८९९ नंतर सक्तीचे उपाय हळूहळू ढिले पडले, कारण त्यांनी रोग हटत नाही हे सरकारलाही कळून चुकलं. परळहून १९२५ पर्यंत लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं हाती आली आणि वेळेवर ओळखलेला प्लेग बरा होऊ लागला. आज ती जुनी लस सरसकट कोणाला टोचीत नाहीत. पण प्लेगचा जंतू पृथ्वीवरून नाहीसा झालेला नाही. १९९३ च्या सप्टेंबरात लातूर भागात भूकंप झाला. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग दिसला आणि पाठोपाठ सुरतेत मोठी घबराट उडाली. सुरतेतूनही लाखो माणसं पळाली, जशी शंभर वर्षांपूर्वी मुंबईतून पळाली होती. फरक इतकाच, की या वेळी औषध होतं, आणि उंदीर-पिसवांची वाट ठाऊक होती.

नंतर २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला. लसीबद्दलच्या कंड्याही थोड्याफार त्याच होत्या. आपण अशा वेळी लोकांना अडाणी म्हणून मोकळे होतो. पण मांडवीच्या आणि पुण्याच्या त्या लोकांकडे पुन्हा एकदा पाहा. तीच माणसं सोल्जरपासून रोगी लपवीत होती आणि सावित्रीबाईंपाशी सोपवीत होती. सरकारी सुईला घाबरत होती, आणि आपल्या धर्मगुरूनं बाही सरकवल्यावर रांगेत उभी राहत होती. आपल्यापुढं कोण उभं आहे, तो स्वतः काय करतो आणि आपल्याला काय सांगतो, हे ती पारखून पाहत होती. यात अडाणीपणा फारसा नाही.

तेव्हा पुढची साथ आली, आणि ती कधी ना कधी येईलच, तर डॉक्टरांनी, अधिकाऱ्यांनी आणि आम्हा शिकवणाऱ्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. औषधानं जेवढं होतं तेवढंच सांगावं. आणि लोकांना हात पुढं करायला सांगण्याआधी आपला करावा. परळच्या रस्त्यानं कधी गेलात, तर हाफकिन संस्थेच्या त्या जुन्या इमारतीकडे क्षणभर पाहा. एक खोली, एक व्हरांडा आणि तुपाचे चार थेंब यांवर सुरू झालेल्या कामाची ती खूण आहे.